जिमला पाठवलेली लिंक

इंटरनेटच्या तांत्रिक कागदपत्रांमध्ये जिम नावाचं एक पात्र आहे. तो कोण, कुठला, काय करतो, हे कुठंही सांगितलेलं नाही. एवढंच कळतं, की त्याला काहीतरी हवं होतं, ते कुठं मिळेल असं त्यानं कुणालातरी विचारलं होतं, आणि आता त्याला उत्तर आलंय. उत्तर देणारा सांगतो, की ती गोष्ट त्याला अमुक पत्त्यावर सापडली, पण जिमला ती बहुधा तमुक पत्त्यावरूनही घेता येईल, आणि तिसऱ्या एका पत्त्यावर एक इशारा आहे, त्याकडेही लक्ष द्यावं. बस. दोन वाक्यं आणि तीन लिंका.

हे चिमुकलं पत्र डिसेंबर १९९४ मध्ये 'आरएफसी १७३८' नावाच्या दस्तऐवजाच्या परिशिष्टात आलं. आरएफसी म्हणजे 'रिक्वेस्ट फॉर कमेंट्स', अभिप्रायाची विनंती. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते नियम १९६९ पासून या नम्र नावाखाली लिहिले जातायत. १७३८ क्रमांकाचा आरएफसी यूआरएलचा, म्हणजे वेबवरच्या पत्त्याचा. लेखक तिघे, त्यातलं पहिलं नाव वेब जन्माला घालणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांचं. १९९८ मध्ये या नियमांची सुधारित आवृत्ती आली, तिच्यातही जिम होता. जानेवारी २००५ मध्ये आरएफसी ३९८६ आला. पत्ते बदलले, कंस बदलले, पण जिम तिथेच उभा आहे.

आमच्या धंद्यात असले दस्तऐवज कुणी वाचत नाही, शोधतात. हवा तो परिच्छेद काढायचा, कोड लिहायचा, टॅब बंद. पण हे परिशिष्ट निवांत वाचण्यासारखं आहे, कारण त्यात एक शुद्ध लेखनाचा प्रश्न सोडवलाय: माणसाला लिहिलेल्या पत्रात, वाक्याच्या मधोमध, मशीनसाठी बनवलेला पत्ता कसा लिहायचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. कॉपी, पेस्ट, सेंड. त्यात लिहिण्यासारखं काय? मला वाटतं, बरंच आहे. लिंक कशी लिहिली यावरून हे ठरतं, की आपण कुठं चाललोय हे कुणाला दिसणार: पाठवणाऱ्याला, वाचणाऱ्याला, की मध्ये बसलेल्या तिसऱ्याच कुणाला. आणि जिमचं पत्र इंग्रजीत असल्यामुळे त्याच्या लेखकांना एक गोष्ट दिसलीच नाही, जी मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत बोचते.

आधी अडचण काय होती ते बघू. तेव्हाचा ईमेल म्हणजे नुसती अक्षरं. ठळक नाही, निळं नाही, चित्रं नाहीत. ओळही मर्यादित, कारण पडदे ८० अक्षरं रुंद होते (ही ८० ची परंपरा १९२८ च्या आयबीएमच्या पंच कार्डांपासूनची), म्हणून मेलची ओळ ७८ च्या आत ठेवावी असा संकेत. त्याहून लांब पत्ता आला की तो मधेच तुटायचा. अर्धा या ओळीवर, अर्धा पुढच्या. वाचणारा पहिल्या अर्ध्यावर क्लिक करायचा आणि पान सापडत नसे. शिवाय पत्ता वाक्याच्या शेवटी आला की पूर्णविराम त्याला चिकटायचा, आणि तो पत्त्याचा भाग आहे की वाक्याचा, हे मशीनला कळायचं नाही.

आरएफसीनं उपाय सुचवला: पत्ता कंसात घाला. साधा कंस नव्हे, गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही टोकदार चिन्हं. आत सुरुवातीला 'यूआरएल' अशी अक्षरं आणि विसर्गासारखे दोन टिंब, मग पत्ता. कंसाच्या आत ओळ तुटली तरी हरकत नाही, वाचणाऱ्या प्रोग्रामनं मधल्या मोकळ्या जागा गाळून पत्ता जोडून घ्यावा. एक तपशील तर मला फारच आवडतो. ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह दिसलं, तर ते पत्त्यातलं खरं असू शकतं किंवा एखाद्या छपाईवाल्यानं ओळ तोडताना सवयीनं टाकलेलं असू शकतं, तेव्हा सावध राहा, असं त्यात बजावलंय. म्हणजे लेखकांच्या डोळ्यांपुढे नुसती मशीन्स नव्हती. खिळे जुळवणारा माणूस होता, कागद होता, टाइप करून घेणारा वाचक होता.

कंस चालले नाहीत. २००५ चा आरएफसी स्वतःच सांगतो, की 'यूआरएल' हे उपपद लोक फारसं वापरत नाहीत, आता त्याची शिफारस नाही. टोकदार कंसांची शिफारस उरली, पण अवतरणचिन्हं आणि नुसती मोकळी जागा यांच्या रांगेत. आज तुमच्या इनबॉक्समध्ये टोकदार कंसातली लिंक पाठवणारा माणूस असेलच तर तो पन्नाशीचा युनिक्सवाला असणार.

इंग्रजीचं यात फारसं बिघडलं नाही, कारण इंग्रजीत अव्यय आधी येतं आणि सुटं येतं. 'अमुकवर सापडलं' मधलं 'वर' इंग्रजीत पत्त्याच्या आधी असतं, मग पत्ता, मग मोकळी जागा. मोकळी जागा हाच कंस. आता जिमचं पत्र मराठीत लिहा. पत्ता लिहिला, आणि त्याला 'वर' जोडला. दुसऱ्या पत्त्याला 'वरून' जोडला. तिसऱ्याला 'मधला'. आपली शब्दयोगी अव्ययं मागून येतात आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे शब्दाला चिकटून येतात. लिंक ओळखणारे बरेचसे प्रोग्राम पत्ता सुरू झाला की मोकळी जागा येईपर्यंत पुढे जात राहतात. देवनागरी अक्षरं पत्त्यात चालतात हे त्यांना आता ठाऊक असतं, त्यामुळे ते तुमचं 'वर' आदरानं पत्त्यातच घेतात. समोरच्याला मिळतं काय, तर 'वर' ने संपणारं, जगात कुठंही नसलेलं एक पान.

मग आपण काय करतो? पत्ता आणि 'वर' यांच्यात मोकळी जागा सोडतो. लिंक चालते, व्याकरण मोडतं. मराठीत मेल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना ही सवय लागलीय, आणि आपण शुद्धलेखन आणि चालणारी लिंक यातली एक गोष्ट निवडतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. टोकदार कंस असते तर प्रश्न नव्हता: कंसाच्या आत पत्ता, कंसाला चिकटून प्रत्यय. ज्या खुणेची इंग्रजीला फारशी गरज नव्हती आणि मराठीला पुरेपूर होती, ती खूण देवनागरीत मेल लिहिणं आपल्याकडे रुळायच्या आतच वापरातून गेली. यात कुणाचा दुष्टपणा नाही. जिमच्या पत्राच्या लेखकांपुढे नमुन्याचं वाक्य इंग्रजी होतं, एवढंच.

याच दस्तऐवजात आणखी दोन पात्रं आहेत आणि तिथं गोष्ट अधिक गंभीर होते. सॅम आणि किम. दोघं एका आंतरराष्ट्रीय परिषदेला आलेत आणि पबमध्ये बसून संशोधनावर गप्पा मारतायत. सॅम विचारतो, अधिक माहिती कुठं मिळेल? किम कागदी रुमालावर पत्ता लिहून देते. (किम बाई की पुरुष, हे मूळ मजकुरात नाही, मराठीला लिंग लागतं म्हणून मी ठरवलं.) सॅम घरी जातो, रुमाल काढतो, पत्ता टाइप करतो, पान उघडतं.

या रुमालावरून आरएफसी एक तत्त्व काढतो. पत्ता कागदावरून, तोंडून, कुठूनही मशीनमध्ये यावा लागतो, म्हणून त्यात अशीच अक्षरं हवीत जी जगातल्या बहुतेक कीबोर्डांवर असतात. मग तोच दस्तऐवज प्रामाणिकपणे पुढची अडचणही सांगतो: पत्ता लक्षात राहायचा तर त्यातले शब्द ओळखीचे, अर्थाचे हवेत, आणि नेमके अर्थाचे शब्द लिहायला लागणारी अक्षरं काही ठिकाणी टाइपच करता येत नाहीत. दोन्ही एकदम साधत नाही. तेव्हा अर्थापेक्षा उतरवून घेता येण्याला महत्त्व दिलंय, असं तो स्पष्ट सांगतो. स्थानिक, प्रादेशिक वापरात लोकांना आणखी अक्षरं मिळाली तर त्यांचा फायदा होईल, हेही मान्य करतो, आणि लगेच म्हणतो, की तो वापर या नियमावलीच्या कक्षेत येत नाही.

त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आपण सगळे राहतो.

मला हा युक्तिवाद सरसकट चुकीचा वाटत नाही. किमनं रुमालावर देवनागरी लिहिली असती तर सॅमचा कीबोर्ड हतबल झाला असता, हे खरंच आहे. पण टीका करायची ती दृश्याच्या निवडीवर. दोन अनोळखी देशांचे लोक, मध्ये परिषद, ही पत्ता एकमेकांना देण्याची नेहमीची घटना आहे का? सांगलीत चहाच्या टपरीवर दोन मैत्रिणी बसल्यात, दोघींच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, एक दुसरीला मराठी पानाचा पत्ता देतेय: ही घटना दुर्मीळ आणि पबमधली सर्वसाधारण, असं गृहीत धरलं गेलं. कादंबरीकारानं कुठलं दृश्य नमुना म्हणून निवडलं यावर आपण तास न् तास बोलतो. नियम लिहिणाऱ्यांच्या दृश्यांवर कुणी बोलत नाही, आणि त्यांची दृश्यं तर कोट्यवधी फोनांमध्ये जाऊन बसतात.

त्याच महिन्यात, जानेवारी २००५ मध्येच, आरएफसी ३९८७ निघाला, जो देवनागरीसकट सगळ्या लिप्यांना पत्त्यात जागा देतो. पण जुन्या यंत्रणेतून जाताना त्या अक्षरांचं रूपांतर करावं लागतं, आणि ते रूपांतर म्हणजे आपण सगळ्यांनी पाहिलेला तो टक्क्यांचा पूर. गणित सोपं आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. प्रत्येक बाइट एक टक्का-चिन्ह आणि दोन अक्षर-अंक असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'कोल्हापूर' घ्या. क, ओकार, ल, हलन्ताची खूण, ह, काना, प, ऊकार, र: नऊ चिन्हं. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. रोमनमध्ये आठ अक्षरांत बसणारं गाव देवनागरी पत्त्यात ८१ जागा खातं, आणि सुरुवात होते 'टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ पाच' अशी. मेलच्या ओळीची मर्यादा ७८ होती हे आठवतंय ना? कोल्हापूर हा एकच शब्द, आधीची साइटची ओळख न धरता, त्या ओळीत मावत नाही.

मराठी विकिपीडियावरचं कुठलंही पान ब्राउझरमध्ये उघडा. वरच्या पट्टीत स्वच्छ मराठी नाव दिसतं. ते कॉपी करून मेलमध्ये टाका, बहुतेक वेळा हा पूर येतो. ब्राउझर तुम्हाला एक दाखवतो आणि हातात दुसरंच ठेवतो. त्यालाही दोष देता येत नाही. पलीकडचा प्रोग्राम कसा असेल याची त्याला खात्री नसते, म्हणून तो सुरक्षित रूप देतो. (फायरफॉक्समध्ये अगदी आत एक सेटिंग आहे, ते बदललं की कॉपी करतानाही मूळ अक्षरं येतात. मुळात ते बंद असतं.) परिणाम काय होतो? ज्या मेलमध्ये मी म्हणतोय 'कोल्हापूरवरचा हा मराठी लेख वाच', त्याच मेलमध्ये त्या लेखाचा पत्ता कुणीतरी कीबोर्डवर डोकं आपटल्यासारखा दिसतो. आणि 'विचित्र दिसणाऱ्या लिंकवर क्लिक करू नका' हे तर आपल्या आईवडिलांना आपणच शिकवलंय. त्यांच्या नजरेनं पाहिलं तर इनबॉक्समधली सगळ्यांत संशयास्पद लिंक मराठीची. बहुतेक मराठी बातम्यांच्या साइट्स पानाचा पत्ता रोमनमध्ये, पुष्कळदा थेट इंग्रजी शब्दांतच ठेवतात. त्याला मी न्यूनगंड म्हणणार नाही. त्यांना पाठवता येईल असा पत्ता हवाय.

साइटच्या नावाचीही तीच कथा. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं. ते चालतं. पण पुष्कळ ठिकाणी कॉपी करून टाकल्यावर ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात उतरतं. त्या रूपाला कारण आहे, फसवणुकीची भीतीही खरी आहे (सिरिलिक लिपीतली हुबेहूब अक्षरं वापरून ॲपलचं नाव कसं वठवता येतं हे २०१७ मध्ये एकानं करून दाखवलं होतं), पण आपल्या वाट्याला येतो तो पुन्हा एक न वाचता येणारा पत्ता.

लांब, तुटणाऱ्या पत्त्यावर जगानं स्वीकारलेला उपाय म्हणजे छोटी लिंक. टायनीयूआरएल जानेवारी २००२ मध्ये केव्हिन गिल्बर्टसन यांनी सुरू केलं, न्यूजग्रुपमधल्या संदेशांमध्ये लांब पत्ते तुटतात म्हणून. म्हणजे जिमचाच प्रश्न. पण उत्तराची जात वेगळी. कंस म्हणत होता: पत्ता जसा आहे तसा असू दे, मी फक्त त्याची सीमा दाखवतो. छोटी लिंक म्हणते: पत्ता मला देऊन टाका, मी तुम्हाला बिल्ला देते. रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूमसारखं. सामान बघायचं तर आधी बिल्ला दाखवायचा, आणि क्लोकरूम बंद झाली तर सामान गेलं. 'बिट डॉट एलवाय' मधलं 'एलवाय' हा लिबियाचा देशसंकेत आहे. २०१० मध्ये त्याच शेपटीची 'व्हीबी डॉट एलवाय' ही छोट्या लिंकांची सेवा लिबियाच्या नोंदणी यंत्रणेनं बंद केली. गूगलनं आपली 'जीओओ डॉट जीएल' सेवा २००९ मध्ये आणली, २०१९ मध्ये नव्या लिंका बनवणं थांबवलं, मग ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्याच बंद करू असं जाहीर केलं आणि तारीख तोंडावर आल्यावर वापरात असलेल्या ठेवू म्हणून पाऊल मागं घेतलं. इतक्या मोठ्या कंपनीच्या क्लोकरूमची ही गत.

छोट्या लिंकेत वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. पत्ता लपवण्याचा दुसरा प्रकार त्याहून सभ्य आहे, म्हणून जास्त पसरलाय: शब्दाला निळा रंग देऊन पत्ता त्याच्याखाली दडवणं. एचटीएमएल मेल आल्यापासून हेच प्रमाण झालं. वाक्य सुंदर दिसतं, प्रत्यय निळ्या शब्दाला सुखानं चिकटतात, टक्के दिसत नाहीत. लेखनाच्या दृष्टीनं हे मराठीसाठी सगळ्यांत सोयीचं रूप आहे, हे मान्यच करायला हवं. तरी दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे 'इथे'. 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा.' वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं 'क्लिक हिअर' लिहू नका असा सल्ला २००१ मध्येच दिला होता. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात, आणि स्क्रीन रीडरला पानावरच्या फक्त लिंकांची यादी वाचायला सांगता येते. आपण लिहिलेल्या न्यूजलेटरची ती यादी काय वाचेल? इथे, इथे, इथे, येथे, इथे. मराठीत 'इथे' म्हणजे बोलणारा जिथं आहे ती जागा. लिंक नेते ती जागा तर नेमकी 'तिथे' असते. हा शब्द दोन्ही अर्थांनी चुकीचा आहे आणि आपल्या डिजिटल मराठीतला सर्वाधिक निळा शब्दही बहुधा तोच असेल.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. निळा शब्द काय म्हणतो आणि खाली काय आहे यांचा काही संबंध असलाच पाहिजे असं तंत्रात कुठंही नाही. लिंकेवर तुमच्या बँकेचा पत्ता अक्षरशः लिहिलेला असतो आणि ती जाते तिसरीकडेच. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर नेला की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसायचा. फोनवर 'वर नेणं' नावाची गोष्टच नाही. बोट ठेवलं की गेलात. दाबून धरलं तर बऱ्याच ॲपमध्ये पत्ता दिसतो, पण ते करतो कोण?

आणि पत्ता दिसला तरी तो वाचता यायला हवा. हे शाळेत शिकवत नाहीत, म्हणून सांगतो. मराठी माणसाला ते सोपं आहे. आपलं पूर्ण नाव जसं स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं जातं, तसं डोमेनचं. खरी ओळख शेवटी. सुरुवातीचा 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरक्या रेघा सोडा, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागं वाचा. 'माझीबँक डॉट सुरक्षा डॉट भलतंच डॉट कॉम' यात घर 'भलतंच डॉट कॉम'चं आहे, बँक तिथली भाडेकरूसुद्धा नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेपटीवर यायला सांगितलं ते यासाठीच. बँकांना आडनाव दिलं. पण ते आडनाव कामाचं तेव्हाच, जेव्हा पत्ता उघडा समोर असेल. मी जिथं काम करतो तिथं दर तीन महिन्यांनी खोट्या फसव्या मेल पाठवून आमची परीक्षा घेतात, आणि त्याच आठवड्यात विम्याचा फॉर्म भरायची खरी मेल येते, ती 'इथे क्लिक करा' म्हणते आणि कधी न ऐकलेल्या डोमेनवर नेते. फॉर्म न भरल्याबद्दल दोनदा आठवण आली. मी ती आठवणही फिशिंग म्हणून कळवली.

तिसरा माणूस मध्ये बसलाय म्हटलं, तो हाच नव्हे. लिंक कॉपी केली की प्रश्नचिन्हानंतर जी शेपूट येते ती पाहिलीय? 'यूटीएम' ने सुरू होणारे तुकडे त्यात असतात. यूटीएममधला 'यू' म्हणजे अर्चिन, गूगलनं २००५ मध्ये विकत घेतलेली एक कंपनी. कंपनी संपली, आद्याक्षर आपल्या मेलमध्ये उरलं. ही शेपूट वाचणाऱ्यासाठी नाहीच. तुम्ही ती लिंक कुठून उचलली हे साइटच्या मालकाला कळावं म्हणून आहे. काही शेपट्यांमधून तर कुणाची लिंक कुणी उघडली हेही जुळवता येतं. मैत्रिणीला लेख पाठवताना आपण नकळत एक पाळतीची चिठ्ठीही पाठवतो. 'यूटीएम' ची शेपूट प्रश्नचिन्हापासून पुढे पुसली तर पान तसंच उघडतं. सगळीच प्रश्नचिन्हं मात्र पुसू नका, यूट्यूबच्या लांब पत्त्यात व्हिडिओची ओळखच तिथं असते. पलीकडून कार्यालयांच्या मेल यंत्रणा सुरक्षेसाठी आलेली प्रत्येक लिंक आपल्या सर्व्हरमार्फत जाईल अशी बदलून टाकतात. हेतू चांगला, पण मग उघडी, स्वच्छ लिंक पाठवूनही समोरच्याला दिसते ती चारशे अक्षरांची मालगाडी, आणि पत्ता वाचायला शिकलेल्या माणसाचं शिक्षण वाया.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: आता हे सगळं मागे पडलंय, लिंक टाकली की चित्र आणि मथळ्याचं कार्ड आपोआप येतं. येतं, मुख्यतः चॅटमध्ये. पण त्या कार्डावरचा मथळा आणि चित्र साइटच्या मालकानं भरलेलं असतं. पाठवणाऱ्याचा त्यात एक शब्द नसतो. मी कार्डांचा द्वेष करत नाही, मात्र कार्ड आल्यापासून लोकांनी लिंकेसोबत लिहिणंच सोडलं, असं मला माझ्या फोनवर दिसतं. कार्ड बोलतंय ना, मग आपण कशाला.

माझे एक निवृत्त काका अजून ईमेलच करतात. त्यांच्या मेलची सुरुवात खरोखर 'पत्रास कारण की' अशी असते. मग चार ओळी: लेख कुणाचा, कुठं आला, कधी आला, आणि 'तुझ्या आजोबांच्या गिरणीचा उल्लेख दुसऱ्या भागात आहे, तेवढा तरी वाच'. मग एक ओळ मोकळी, मग पत्ता, उघडा, एकटा, अख्खा, शेपटीसकट. शेपूट वगळता ती लिंक लिहिण्याची मला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत आहे. पत्ता वाक्याच्या बाहेर असल्यामुळे प्रत्यय त्याला चिकटत नाही, पूर्णविराम लागत नाही. टक्क्यांचा पूर आला तरी वरच्या ओळींनी आधीच सांगितलेलं असतं, की पलीकडे काय आहे. आणि लिंक मेली तरी नाव, लेखक, महिना हातात राहतो, त्यावरून शोधता येतं. लिंका मरतातच. २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मोजून सांगितलं.

या निकषावर जिमचं मूळ पत्र वाचलं की मात्र ते नापास होतं. कंस नीट आहेत, मोकळ्या जागा नीट आहेत, मशीनला एकही अडचण नाही. १९९४ च्या त्या तीन पत्त्यांपैकी दोन एफटीपीचे होते. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचे पत्ते उघडणं २०२१ मध्ये बंद केलं. आणि मजकुरात फक्त एवढंच आहे, की 'ते' सापडलं. 'ते' म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही, कारण जिमला ठाऊक होतं आणि उरलेलं लिंक सांगणार होती.